आईच्या घराचं कुलूप जड झालंय: दुरुस्त करावं की बदलावं?

बोरीकाठ | १७ मे, रात्री १०:१२

मंडळी, जरा सविस्तर लिहितो. आई अमळनेरला एकटी राहते, वय ७४. मी नोकरीमुळे धुळ्याला असतो. घर १९९८ साली बांधलेलं, गावाबाहेरच्या प्लॉटवर, तेव्हा आजूबाजूला कपाशीच होती. पुढच्या दाराची चौकट सागवानी, दार फ्लश डोअर. अकरा वर्षांपूर्वी त्याला मॉर्टिस लॉक (दाराच्या कडेत कोरून आत बसवायचं कुलूप) बसवलं, बाहेरून किल्ली आणि आतूनही किल्ली.

गेलं वर्षभर किल्ली जड फिरते. आई म्हणायची, "जरा हिसका दिला की फिरते." मी सुट्टीला गेलो की खोबरेल तेल सोडायचो, मग शिलाई मशीनचं तेल, मग स्प्रे. आठ दिवस बरं, पुन्हा तेच.

या महिन्यात दोन गोष्टी झाल्या. सखाराम महाराजांच्या यात्रेहून आई परतली आणि किल्ली फिरेचना. शेजारच्या काकूंकडून सांडशी आणून तिने किल्ली पिळली. दार उघडलं, पण किल्ली वाकली. आणि परवा रात्री लाइट गेलेली, घरात उकाडा, बाहेर अंगणात बसावं म्हणून आई दार उघडायला गेली तर आतूनही उघडेना. वीस मिनिटं ती अंधारात किल्लीशी झटत होती. शेवटी खिडकीतून हाक मारली, काकू आल्या, त्यांनी बाहेरून दार ओढून धरलं तेव्हा किल्ली फिरली. हे तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही सहज बोलता बोलता. तेव्हापासून झोप नीट लागलेली नाही.

ओळखीच्या मिस्त्रींनी न बघताच "पूर्ण लॉक बदला, साडेचार हजार" असं सांगितलं. पैशांचं काही नाही, पण नवं लॉकही सहा महिन्यांत असंच झालं तर? रविवारी जाणार आहे. नेमकं काय बघू?


तापीतीर | १७ मे, रात्री १०:४०

काकूंनी दार ओढून धरल्यावर किल्ली फिरली, हे तुम्हीच लिहिलंय, आणि निम्मं उत्तर त्यातच आहे. कुलूप आतून बिघडलेलं असतं तर दार ओढून काही फरक पडला नसता.

गेल्यावर पहिलं काम: दार सताड उघडा आणि उघड्या दारातच किल्ली फिरवून बघा. दांडा सरळ बाहेर आला, आत गेला, किल्ली हलकी फिरली, तर लॉक चांगलं आहे. दांडा चौकटीतल्या खाचेला घासतोय. उघड्या दारातही किल्ली जड असेल तर दोष लॉकमध्ये किंवा किल्लीत. या परीक्षेला एक पैसा लागत नाही आणि ती केल्याशिवाय एक पैसाही खर्च करू नका.


पांझरेचं_पाणी | १७ मे, रात्री ११:०५

भाऊ, कुलूपले दोष देऊ नका, आधी चौकट देखा. मन्हा घरमा बी आसंच व्हयनं व्हतं. वरली बिजागरीना इस्क्रू ढिल्ला पडी जायेल व्हतात, दार खाले बसनं, मंग कुलूप अडकनं. इस्क्रू आवळा, काम व्हयनं.


सागवान | १८ मे, सकाळी ७:२०

चोपड्याहून. आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकी आहे, म्हणून तेलाबद्दल आधी बोलतो. सर्वात जास्त कुलपं तेलानेच मारली जातात.

दाराच्या किल्लीचं जे सिलिंडर असतं, त्यात किल्लीच्या दात्यांवर बसणाऱ्या पितळी पिनांची जोडी-जोडी असते, वरून बारीक स्प्रिंगा. साधारण पाच किंवा सहा जोड्या. योग्य किल्ली गेली की प्रत्येक जोडीतला सांधा फिरणाऱ्या भागाच्या कडेशी एका रेषेत येतो आणि किल्ली फिरते. अमेरिकेत लायनस येलने १८६० च्या दशकात ही रचना बसवली, आजही बहुतेक दारांत तीच चालते. आता बघा, एक पिन केसभर वर राहिली तरी किल्ली अडते. आणि आपल्याकडे चैत्र-वैशाखातल्या वावटळी! किल्लीच्या भोकातून धूळ रोज आत जाते. आत खोबरेल तेल असेल तर ती धूळ त्यात कालवली जाते आणि खळ तयार होते. खोबरेल तर थंडीत गोठतं, डिसेंबरात त्याच पिना चिकटतात.

डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेला आहे, त्याच्या नावातच ते आहे: डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट. जुनी खळ सोडवायला तो उत्तम, पण कायमचं वंगण म्हणून तो टिकत नाही. तेव्हा असं करा: स्प्रेची नळी भोकात घालून भरपूर मारा, किल्ली वीसेक वेळा आत-बाहेर करा, दर वेळी फडक्याला पुसा. पहिल्यांदा किल्लीवर काळा चिखल येईल. तो यायचा थांबेपर्यंत करत राहा. मग एक दिवस सुकू द्या. त्यानंतर ग्रॅफाइटची पूड. हार्डवेअरच्या दुकानात नळीत मिळते. नाही मिळाली तर ६ बी पेन्सिल किल्लीच्या दोन्ही बाजूंना जाड घासा आणि किल्ली घालून काढा. ओल्या तेलावर ग्रॅफाइट टाकू नका, पुन्हा चिखलच होतो.

आणि ती वाकलेली किल्ली आजच्या आज बाद करा. सरळ केलेली किल्ली भोकात तुटते.


केळीचं_पान | १८ मे, दुपारी १:३०

दादा, तुमचा अनुभव वाचून हात थांबले. मी रावेरची. आमच्या सासऱ्यांच्या बाबतीत घडलेलं सांगते. ते दुपारी आतून कुलूप लावून, किल्ली तशीच आतल्या बाजूला ठेवून झोपले. उठताना चक्कर येऊन पडले. आमच्याकडे बाहेरची किल्ली होती, पण आत किल्ली अडकवलेली असली की साध्या दुहेरी सिलिंडरला बाहेरून किल्ली पूर्ण आत जातच नाही. दाराबाहेर उभं राहून त्यांचं कण्हणं ऐकत होतो. शेवटी पहारीने दार फोडलं. ते बरे झाले, पण ती पंधरा मिनिटं मी विसरलेले नाही.

म्हणून सांगते, आईंचं लॉक दुरुस्त झालं तरी सिलिंडर बदलाच. बाहेरून किल्ली आणि आतून फिरवायचा नॉब असलेलं सिलिंडर मिळतं. आतून किल्ली शोधायची गरज नाही, अंधारातही हाताला नॉब लागतो, आणि बाहेरून तुमची किल्ली केव्हाही चालते. शिवाय रात्री वरची खिट्टी लावायची सवय असेल तर तीही सोडवा. खिट्टी लावली की बाहेरची किल्ली कामाची नाही.

सासूबाईंच्या बोटांचे सांधे सुजलेले असतात. त्यांच्या किल्लीच्या डोक्याच्या भोकात मी सायकलच्या स्पोकचा तुकडा आडवा घालून त्यावर रबरी नळी चढवली आहे. आता चिमटीत धरून पिळावं लागत नाही, तळहाताने ढकललं तरी फिरते.


भुसावळ_यार्ड | १८ मे, रात्री ८:४५

आईंच्या दाराचं तोंड कुठल्या दिशेला आहे? आमचं लोखंडी दार पश्चिमेला आहे. मे महिन्यात दुपारी तीन ते सहा लॉक फिरत नाही, रात्री नऊ वाजता लोण्यासारखं फिरतं. आम्ही दोनदा लॉक बदललं, दोन्ही वेळा तेच. मग मुलाने वहीत गणित मांडून दाखवलं. पोलाद एक अंश तापलं की एका मीटरला १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. दोन मीटर उंच दार सकाळपेक्षा ३० अंश जास्त तापलं तर पाऊण मिलिमीटर वाढलं. त्यात बाहेरचा पत्रा आतल्यापेक्षा जास्त तापतो, त्यामुळे दार उन्हाकडे पोट काढतं. आमच्या चौकटीतल्या खाचेत एवढी मोकळीक नव्हती. कानशीने खाच दीड मिलिमीटर मोठी केली, दारावर छपराचा पुढे आलेला पत्रा टाकला. दोन उन्हाळे झाले, तक्रार नाही.


बोरीकाठ | १९ मे, सकाळी ६:५०

दार पश्चिमेलाच आहे, पण लाकडी आहे. मग उन्हाने ते वाढेल का?


सागवान | १९ मे, सकाळी ८:१०

लाकूड उन्हाने वाढत नाही, उलट सुकून आकसतं. लाकूड फुगतं दमटपणाने, आणि तेही आडवं; लांबीत जवळजवळ नाही. म्हणून लाकडी दार मे महिन्यात अडकत असेल तर फुगणं हे कारण नाही. बिजागरी, चौकट किंवा घरच हललं असेल.


काळी_माती | १९ मे, रात्री ९:१५

शहाद्याहून. मी इमारतींच्या पायाचं काम करतो, त्यामुळे "कपाशीच्या शेतात प्लॉट" हे वाचताच थांबलो. तापीच्या खोऱ्यातली ही काळी कसदार जमीन कपाशीला जितकी चांगली तितकीच घराला अवघड. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात सुकून आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तेच घराखाली आणि घराच्या कडेने होत असतं. १९९८ च्या साध्या घराचा पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर घराचा एखादा कोपरा दर वर्षी थोडा खाली-वर होतो. भिंतीला दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेली आहे का बघा. चौकट आयताची तिरकस होते, आणि सगळ्यात आधी ते कळतं कुलपाला, कारण तिथे मोकळीक फक्त दोन-तीन मिलिमीटरची असते.

तपासायला चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर ती कलली आहे. ओळंबा लावून कुठल्या बाजूला कलली तेही कळेल.

आणि एक घराचं बघा. दाराजवळ न्हाणीचं किंवा छपराचं पाणी मुरतंय का? एकाच कोपऱ्यात ओल आणि बाकी कोरडं, असं असेल तर तो कोपरा वेगळा हलतो. पन्हळ लावून पाणी लांब काढा, घराच्या कडेने उताराची फरशी करा. भिंतीला चिकटून मोठं झाड असेल तर तेही माती सुकवतं.


तापीतीर | १९ मे, रात्री १०:००

दांडा नेमका कुठे घासतो हे बघायची आमच्याकडची रीत: दांड्याच्या टोकाला तेलात कालवलेलं कुंकू लावा, दार लावा, किल्ली जेवढी फिरेल तेवढी फिरवा, दार उघडून चौकटीवरच्या पट्टीवरचा ठसा बघा. ठसा खाचेच्या खालच्या काठावर असेल तर दार खाली बसलंय. बाजूच्या काठावर असेल तर दार पूर्ण मिटत नाहीये.


नर्मदाखोरे | १९ मे, रात्री ११:२०

एवढं कशाला? जुनं ते सोनं. कडी-कोयंडा आणि एक चांगलं नवताल कुलूप. गोदरेजची कुलपं १८९७ पासून आहेत, नवताल १९५४ पासून. माझ्या वडिलांचं अजून चालतं, कधी तेलही घातलेलं नाही. दार थोडं हललं तरी कडी लागतेच.


केळीचं_पान | २० मे, सकाळी ९:४०

दादा, गावाला जाताना बाहेरून लावायला ते कुलूप चांगलंच. पण आई आत असताना ते काय कामाचं? आतून कडी लावली की बाहेरून कोणालाच उघडता येणार नाही, आणि बाहेरून कोणी कडी घातली तर आई आत कोंडली जाईल. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात आधी बाहेर पडता येणं बघायचं, चोर नंतर.


बोरीकाठ | २५ मे, रात्री ९:३०

मंडळी, रविवारी गेलो होतो. काय आढळलं ते सांगतो.

उघड्या दारात किल्ली फिरवली. आईची किल्ली जडच. मग कपाटातून मूळ किल्ली शोधून काढली, लॉकबरोबर कंपनीकडून आलेली, बटव्यात कागदात गुंडाळून ठेवलेली. ती अलगद फिरली! दोन्ही किल्ल्या एकावर एक ठेवून उजेडात धरल्या तर आईच्या किल्लीचे दोन दाते गोल झालेले, आणि एक खाच मूळ किल्लीपेक्षा जरा वर. मग आठवलं: आईची किल्ली मी केलेल्या किल्लीवरून केलेली होती, आणि माझी मूळ किल्लीवरून. म्हणजे नकलेची नक्कल. वर्षभर ती या किल्लीशी झुंजत होती आणि चांगली किल्ली बटव्यात पडून होती.

पण मूळ किल्लीनेही बंद दारात कुलूप अडलंच. कुंकवाचा ठसा खाचेच्या खालच्या काठावर उमटला. वरच्या बिजागरीचे चारपैकी दोन स्क्रू हाताने फिरत होते. पांझरेचं_पाणी दादा, तुमचं अगदी खरं निघालं. कर्ण मोजले, ७ मिलिमीटरचा फरक. दाराच्या वर डाव्या कोपऱ्यातून तिरकी चीर आहे, आणि त्याच कोपऱ्याबाहेर छपराचं पाणी पडतं. इतकी वर्षं ती चीर मी रंगाखाली दाबत आलो.

आता दोन गोष्टी सांगा. ढिल्ल्या भोकात स्क्रू कसा घट्ट बसवू? आणि नॉबवालं सिलिंडर घ्यायचं तर माप काय घेऊ?


सागवान | २६ मे, सकाळी ७:००

बिजागरीसाठी: दाराखाली पाचर सारून दार उचलून धरा. ढिल्ला स्क्रू काढा, भोकात फेव्हिकॉल सोडून आगपेटीच्या काड्या, गुल काढून, घट्ट भरा. रात्रभर सुकू द्या, कडेला कापून सपाट करा, मग त्यातच स्क्रू. चौकटीच्या बाजूला एक तरी स्क्रू तीन इंची घ्या, म्हणजे तो चौकट ओलांडून भिंतीत धरतो. चौकट दगडी-विटांच्या भिंतीत आहे, तिथे ड्रिलने भोक पाडून प्लग टाकावा लागेल.

दार वर आल्यावर कुंकू पुन्हा लावा. उरलेला फरक पट्टीच्या खाचेत कानशीने काढा, दोन मिलिमीटरपर्यंत हरकत नाही. त्याहून जास्त असेल तर पट्टी काढून खाली बसवा आणि पटाशीने लाकूड कोरा. खाच थोडी ढिलीच ठेवा, पावसाळ्यात जमीन पुन्हा फुगणार आहे. पण पावसात दार घासलं म्हणून रंधा मारू नका. दिवाळीनंतर लाकूड सुकलं की फट पडते. त्याऐवजी दार उतरवलेलं असतानाच त्याची वरची आणि खालची कड रंगवून घ्या. ती कड दिसत नाही म्हणून कोणी रंगवत नाही आणि ओल तिथूनच शिरते.

सिलिंडरसाठी: दाराच्या कडेवर, लॉकच्या पट्टीत, किल्लीच्या रेषेत एक लांब स्क्रू असतो. त्या स्क्रूच्या मध्यापासून सिलिंडरच्या बाहेरच्या टोकापर्यंत आणि आतल्या टोकापर्यंत, अशी दोन मापं घ्या. ३०-३० म्हणजे ६० चं, ३५-३५ म्हणजे ७० चं. दोन्ही बाजू सारख्या असतीलच असं नाही. बाहेरचं टोक हँडलच्या पट्टीपेक्षा तीन मिलिमीटरहून जास्त पुढे येऊ देऊ नका, पुढे आलेलं सिलिंडर पकडीत धरून मोडता येतं. बदलताना तो लांब स्क्रू काढा, किल्ली घालून थोडीशी फिरवा. आतली पाकळी सिलिंडरच्या रेषेत आली की ते सरळ बाहेर ओढता येतं. घाई केलीत तर येणार नाही. काम संपेपर्यंत दार उघडं ठेवा. नवं सिलिंडर उघड्या दारात दहा वेळा चालवून बघितल्याशिवाय दार मिटू नका.


तापीतीर | २६ मे, सकाळी ११:३०

नॉबबद्दल एकच सावधगिरी. दाराला जाळी किंवा शेजारी खिडकी असेल तर बाहेरून हात घालून नॉब फिरवता येतो. अंतर मोजून घ्या.


बोरीकाठ | ८ जून, रात्री १०:०५

झालं. बिजागरी, तीन इंची स्क्रू, कड रंगवणं, सगळं सांगितल्याप्रमाणे. दार वर आल्यावर कुंकवाचा ठसा काठावर दीड मिलिमीटर उरला, तो कानशीने काढला. खिडकी नॉबपासून साडेचार फूट लांब आहे, हात पोचत नाही. सिलिंडर ७० चं निघालं, धुळ्यात आग्रा रोडला मिळालं. स्क्रू, प्लग, रंग धरून बाराशेच्या आत काम झालं, जुनं लॉक तसंच आहे. काळी_माती दादा, त्या कोपऱ्यावर पन्हळ बसवली, पाणी आता बारा फूट लांब नालीत जातं. फरशी पावसानंतर करतो.

काम संपल्यावर आईला बोलावलं. तिने सवयीने दोन्ही हात लावले, खांदा दाराला टेकवला आणि जोर केला. किल्ली एकदम फिरली आणि ती पुढे झुकली, मी धरलं. मग तिने एका हाताने फिरवली. मग दोन बोटांनी. मग पुन्हा. सहा-सात वेळा उघड-मीट केलं. म्हणाली, "इतके दिवस मला वाटायचं, माझ्याच हातात जोर राहिला नाही."


केळीचं_पान | ८ जून, रात्री १०:३०

हे शेवटचं वाक्य मी सासूबाईंना वाचून दाखवलं. आईंना नमस्कार सांगा. आणि एक किल्ली काकूंकडे ठेवायला विसरू नका.


बोरीकाठ | ९ जून, सकाळी ७:१५

ठेवली आहे. चारही किल्ल्या सिलिंडरसोबत आलेल्याच आहेत: एक आईकडे, एक काकूंकडे, एक माझ्याकडे. चौथी कोणीही वापरायची नाही, पुढची नक्कल तिच्यावरूनच करायची. तिच्यावर कापडी पट्टी लावून "मूळ" असं लिहिलंय.


काळी_माती | २ ऑगस्ट, रात्री ८:२०

बोरीकाठ, पाऊस चांगला झालाय. कर्ण पुन्हा मोजले का?


बोरीकाठ | ३ ऑगस्ट, रात्री ९:००

कालच गेलो होतो. फरक ७ वरून ४ वर आलाय, म्हणजे कोपरा वर आला. चीर नखाएवढी होती, आता केसाएवढी. दार वरच्या बाजूला जरासं घासतं, पण दांडा खाचेत मोकळा आहे, किल्ली दोन बोटांनी फिरते. रंधा मारलेला नाही. दिवाळीनंतर पुन्हा मोजून इथेच लिहितो.